अंगठ्याचा हिशेब

स्टेशन नंबर अकरावरच्या ताई उजव्या हाताचं काम डाव्या हाताने करायला लागल्या आहेत, हे कारखान्यात सगळ्यांच्या आधी मला कळलं, कारण स्टॉपवॉच माझ्या हातात होतं. अठ्ठेचाळीस सेकंदांचं काम त्रेपन्न सेकंदांवर गेलं होतं. लाईनवर पाच सेकंद म्हणजे फार झाले. पुढच्या स्टेशनवरची मुलगी रिकामी उभी राहते, मागे माल साचतो, लाईन लीडरचा आवाज चढतो. मी दहा सायकल, म्हणजे त्या कामाच्या दहा फेऱ्या, मोजल्या, आकडे लिहिले आणि शेवटच्या रकान्यात शेरा मारला : ‘ठरलेल्या पद्धतीने काम करत नाही.’ खाली सही केली. हात का बदलला, हे मी विचारलं नाही. माझ्या कागदावर त्या प्रश्नासाठी रकानाच नव्हता.

ही २०१२ सालची गोष्ट. मी इंडस्ट्रियल इंजिनीअर. भोसरी-चाकण पट्ट्यातल्या तीन कारखान्यांत मिळून एकतीस वर्षं वर्क स्टडीचं काम केलं. कोणत्या कामाला किती वेळ लागावा, लाईनवर किती माणसं लागतील, शिफ्टचं टार्गेट किती, हे ठरवायचं. कामगार आम्हाला ‘घड्याळवाले’ म्हणत. आम्हाला शिकवलं जातं की हाताची प्रत्येक हालचाल मोजता येते. हात पुढे नेणं, वस्तू पकडणं, उचलून आणणं, बसवणं, सोडणं. यासाठी १९४८ साली अमेरिकेत तयार झालेले तक्ते आहेत. त्यांत एका तासाचे एक लाख भाग करतात. एक भाग म्हणजे ०.०३६ सेकंद. हात तीस सेंटिमीटर पुढे न्यायला असे किती भाग लागतात, हे मला पाठ होतं. तोच हात दिवसात आठ हजार वेळा पुढे गेला तर त्याचं काय होतं, हे त्या तक्त्यांत नाही.

थकव्याची सूट असते, हे मान्य. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचं वर्क स्टडीचं जे पुस्तक आमच्या पिढीने वापरलं, त्यात मूळ थकव्यासाठी ४ टक्के आणि वैयक्तिक गरजांसाठी पुरुषांना ५ आणि बायकांना ७ टक्के वेळ धरलेला आहे. मी वर्षानुवर्षं ही सूट धरत आलो आणि आपण न्यायाने वागतोय असं मानत आलो. पण दमलेला माणूस पाणी पिऊन, जरा टेकून ताजा होतो, त्याला थकवा म्हणतात. ताईंच्या हातात जे चाललं होतं ते रात्रभर झोपूनही उतरत नव्हतं, उलट रात्रीच जास्त त्रास देत होतं.

त्या लाईनवर वायर हार्नेस बनायचे. गाडीच्या बॉनेटखाली, डॅशबोर्डच्या मागे वायरींची जाडजूड वेणी असते, तोच हार्नेस. गाडीतली बरीच कामं रोबोट करत असले, तरी ही वेणी आजही माणसं हाताने घालतात, आणि आमच्या लाईनवर त्यात बहुतेक बाया आणि मुलीच होत्या. समोर तिरका उभा केलेला मोठा बोर्ड, त्यावर खुंट्या. वायरी खुंट्यांवर अंथरायच्या, टेप गुंडाळायची, टाय ओढून कापायचा आणि वायरीच्या टोकाचं टर्मिनल कनेक्टरच्या घरात अंगठ्याने दाबून बसवायचं. आमच्याकडे त्याची घोषणाच होती : दाबा, ‘टक्’ ऐका, ओढून बघा. ‘टक्’ वाजलं नाही तर पुन्हा दाबायचं.

स्टेशन अकराला अशी चौदा टर्मिनल होती. जेवण आणि चहाचे ब्रेक सोडून शिफ्टमध्ये साडेचारशे मिनिटं धरली, म्हणजे २७,००० सेकंद. एका हार्नेसला ४८ सेकंद, म्हणजे दिवसाला ५६२ हार्नेस. त्याला चौदाने गुणा. ७,८६८. अंगठा एका शिफ्टमध्ये एवढ्या वेळा दाबतो आणि जवळजवळ तेवढ्याच वेळा चिमटीत धरून ओढतो. महिन्याच्या सव्वीस दिवसांचे दोन लाखांच्या वर होतात. हा हिशेब कुणालाही पाच मिनिटांत मांडता येतो. तो मी नोकरीत असताना एकदाही मांडला नाही, कारण माझं गणित हार्नेसच्या आकड्याशी संपायचं.

शिवाय बोर्डाची वरची रांग. बोर्डाचं ड्रॉइंग परदेशातून आलेलं, तिथल्या उंचीच्या माणसासाठी काढलेलं. ताईंची उंची जेमतेम पाच फूट. वरच्या खुंट्या त्यांच्या डोक्याशी येत होत्या. सायकलच्या जवळपास तिसऱ्या भागात त्यांचे दोन्ही हात खांद्याच्या वर असायचे. वाचकांनी आत्ता हातातला पेपर बाजूला ठेवून दोन्ही हात डोक्याच्या उंचीला धरून दोन मिनिटं उभं राहावं. दोन मिनिटं पुरेत.

वर्षभराने ताई दिसेनाशा झाल्या. ठेकेदाराकडे विचारलं तर ‘सोडून गेली’ एवढंच. त्यानंतर बऱ्याच दिवसांनी भोसरीच्या भाजी मंडईत भेटल्या. पिशवी हातात नव्हती, कोपराच्या खाचेत अडकवली होती. भाजीवाल्याने सुटे पैसे हातावर ठेवले आणि ते तिथूनच खाली घरंगळले. मी वाकून गोळा करून दिले. तेव्हा त्यांनी मला ओळखलं आणि म्हणाल्या, “सर, घर इथंच आहे, चहा घेऊन जा.”

एका खोलीचं घर. नवरा त्याच पट्ट्यात प्रेसवर कामाला, मुलगी दहावीला. मूळ गाव अंबाजोगाईकडचं. त्यांचे केस मानेपर्यंत कापलेले बघून मी काही बोललो नाही, पण माझी नजर त्यांनी हेरली. “वेणी घालायला हात वर जात नाही सर. पोरीला रोज किती सांगायचं? टाकले कापून.” चहाचा ग्लास त्यांनी दोन्ही तळव्यांत धरून पुढे केला, ओंजळीत पाणी धरावं तसा. मग भाकरीचं सांगायला लागल्या. थापता येते. पण थापलेली भाकरी परातीतून उचलून तव्यावर टाकताना मनगट वळवावं लागतं, ते वळत नाही. भाकरी मोडते. आता भाकरी मुलगी टाकते, आणि तिची परीक्षा असली की घरात भात.

सुरुवात अंगठ्याच्या मुळाशी झाली होती. आधी नुसता ठणका, कामावरून आल्यावर. मग ठणका कामावरच सुरू व्हायला लागला, मग सकाळी उठतानाच. मग रात्री मुंग्या. “हात झोपतो आणि मी जागी,” असं त्या म्हणाल्या. मध्यरात्री उठून बसायचं, हात झटकायचा, तीळतेल कोमट करून चोळायचं, निर्गुडीचा पाला शेकायचा. लाईन लीडरला सांगितलं तर तो म्हणाला, सगळ्यांचेच दुखतात. म्हणून त्यांनी स्वतःच तोड काढली. उजव्या अंगठ्याचं काम डाव्यावर घेतलं. पाच सेकंद उशीर व्हायला लागला, तेव्हा चहाच्या ब्रेकमध्ये डाव्या हाताचा सराव करून तो वेळही कमी करत आणला. चार महिन्यांत डावा हातही गेला. मग खांदा.

मी मोजलेले पाच सेकंद म्हणजे ही सगळी धडपड होती.

इटलीत मोडेना शहरात बर्नार्दिनो रामाझिनी नावाचा डॉक्टर होऊन गेला. कामामुळे होणाऱ्या आजारांवर त्याने १७०० साली पुस्तक लिहिलं. नावगाव, लक्षणं विचारल्यावर डॉक्टरने रोग्याला आणखी एक प्रश्न विचारलाच पाहिजे, असा त्याचा आग्रह होता : तू काम काय करतोस? पुढे त्याने लेखनिकांच्या हातांबद्दल लिहिलं. त्यात त्याच्या ओळखीच्या एका नोटरीची हकिकत आहे. दिवसभर लिहून त्या माणसाचा उजवा हात आधी दमू लागला, मग निकामी झाला. त्याने डाव्या हाताने लिहायची सवय केली. थोड्याच काळात डाव्या हाताचीही तीच गत झाली. ही हकिकत मी निवृत्तीनंतर वाचली आणि पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. तीनशे वर्षांपूर्वी एका डॉक्टरने लिहून ठेवलेली गोष्ट भोसरीत माझ्या डोळ्यांदेखत घडली, आणि मी तिला ‘ठरलेल्या पद्धतीने काम करत नाही’ असं नाव दिलं.

आत काय होतं ते सोप्या शब्दांत सांगतो. स्नायू हाडाला ज्या दोरीने जोडलेला असतो तिला कंडरा म्हणतात. अंगठा बाहेर ओढणाऱ्या दोन कंडरा मनगटाजवळ एका अरुंद नळीतून जातात. सतत दाब आणि ओढ बसली की नळीचं आवरण जाड होतं, कंडरा अडकायला लागते आणि अंगठा हलवला की कळ मारते. स्विस शल्यचिकित्सक फ्रिट्झ द केर्व्हेन याने १८९५ साली हे वर्णन केलं, म्हणून हा आजार त्याच्याच नावाने ओळखला जातो. तळहाताच्या बाजूला मनगटात दुसरा बोगदा आहे. त्यातून नऊ कंडरा आणि एक नस जाते. कंडरा सुजल्या की नस दाबली जाते. अंगठा, तर्जनी, मधलं बोट यांना मुंग्या येतात, करंगळी मात्र सुटते. हाच कार्पल टनेल सिंड्रोम. खांद्यात वरच्या हाडाच्या कमानीखालून एक कंडरा जाते. हात वर धरला की ती कमानीत घासते. कंडरेला रक्तपुरवठा मुळातच कमी, त्यामुळे झीज भरून यायला वेळ लागतो. तो वेळ मिळायच्या आत पुढचं टर्मिनल समोर असतं.

कशाने होतं, यात आता फारसं गूढ उरलेलं नाही. अमेरिकेत बार्बरा सिल्व्हरस्टाईन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात कारखान्यांतल्या कामगारांचे हात तपासले. ज्या कामाची सायकल ३० सेकंदांपेक्षा कमी, किंवा ज्यात निम्म्याहून अधिक वेळ त्याच त्याच हालचाली, ते काम त्यांनी ‘अति-पुनरावृत्ती’चं धरलं. नुसती पुनरावृत्ती असेल तर धोका वाढतो, नुसता जोर असेल तरी वाढतो. पण जोर आणि पुनरावृत्ती एकत्र आली की धोका कित्येक पटींनी उसळतो, असं त्यांना दिसलं. स्टेशन अकरावर दोन्ही होतं, आणि जोडीला वर धरलेले हात.

ताई विम्याच्या दवाखान्यात गेल्या होत्या. रांग, केसपेपर, गोळ्या, मलम. दुसऱ्या खेपेला एक्स-रे. हाडं चांगली आहेत, काही नाही, असं सांगण्यात आलं. एक्स-रेत हाड दिसतं; कंडरेची सूज आणि दाबली गेलेली नस दिसत नाही. नसेची तपासणी वेगळी असते, ती कुणी सांगितली नाही. “काम काय करता?” हेही कुणी विचारलं नाही. दोन दिवस आरामाची चिठ्ठी मिळाली. आता कायद्यातली गंमत नव्हे, क्रूरता बघा : कर्मचारी राज्य विमा (ईएसआय) योजनेत आजारपणाचा भत्ता साधारणपणे पहिल्या दोन दिवसांचा मिळतच नाही. म्हणजे दोन दिवसांच्या चिठ्ठीचा अर्थ दोन दिवसांचा पगार बुडाला, एवढाच. त्यांनी ती चिठ्ठी दिलीच नाही, कामावर गेल्या.

दोष एकट्या डॉक्टरचा नाही. समोर रांग असते. पण दवाखान्यात या दुखण्याला ‘आजार’ म्हणायचं की ‘कामावरची इजा’, यावर पुढचं सगळं ठरतं. आजार म्हटलं तर मजुरीच्या ७० टक्के भत्ता, तोही वर्षात जास्तीत जास्त ९१ दिवस. कामावरची इजा म्हटलं तर तात्पुरत्या अपंगत्वासाठी ९० टक्के, आणि हात कायमचा अधू झाला तर दरमहा कायमची भरपाई. रक्कम कापली जाते ती मात्र सगळ्यांच्या पगारातून सारखीच, कामगाराचे ०.७५ टक्के आणि मालकाचे ३.२५ टक्के.

मग अंगठ्याच्या या दुखण्याची कामामुळे झालेलं दुखणं म्हणून नोंदच का होत नाही? कारण ते यादीत नाही. कारखाने अधिनियम १९४८ च्या तिसऱ्या परिशिष्टात, ज्यांची खबर सरकारला दिलीच पाहिजे असे २९ रोग होते. शिशाची विषबाधा होती, पाऱ्याची होती, सिलिकोसिस होता, कापूस गिरण्यांतला बिसिनोसिस होता, आवाजाने येणारं बहिरेपण होतं. सगळे गंभीर आहेत आणि ते असलेच पाहिजेत. पण त्या २९ मध्ये हात, मनगट, कोपर, खांदा यांतल्या कंडरांचा किंवा नसांचा एकही आजार नव्हता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रम संहिता लागू झाल्या. कामाच्या जागी सुरक्षा आणि आरोग्य यांसाठीची स्वतंत्र संहिता आली, तिलाही तिसरं परिशिष्ट आहे, त्यातही २९ रोग आहेत आणि त्यातही खांदा नाही. कायदा बदलला, पान बदललं, पण यादी तशीच उतरवून घेतली गेली.

जगाला हे माहीत नाही असं नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०१० साली व्यावसायिक रोगांची यादी सुधारली, तेव्हा वारंवार हालचालींमुळे होणारा अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या कंडरेचा दाह, टेनिस एल्बो, कार्पल टनेल यांची नावं त्यात स्वतंत्रपणे घातली. फ्रान्समध्ये या आजारांसाठी ‘तक्ता ५७’ आहे, १९७२ पासूनचा. आजार तक्त्यातला असेल, काम तक्त्यातलं असेल आणि मुदतीत लक्षणं दिसली असतील, तर तो कामामुळेच झाला असं कायदा धरून चालतो. कामगाराला सिद्ध करत बसावं लागत नाही. आज फ्रान्समध्ये मान्य होणाऱ्या व्यावसायिक रोगांत सर्वांत मोठा वाटा याच दुखण्यांचा आहे. तिथल्या कामगारांचे हात आपल्यापेक्षा नाजूक आहेत म्हणून नव्हे. तिथे मोजतात म्हणून.

आमच्या गेटवर मोठा बोर्ड होता : ‘आजवरचे अपघातविरहित दिवस’. रोज सकाळी सिक्युरिटीचा माणूस त्यावरचा आकडा एकने वाढवायचा. दर ४ मार्चला सुरक्षा दिनाला त्या आकड्याचा सत्कार व्हायचा. ताईंचा हात गेला त्या संपूर्ण काळात तो आकडा एकदाही शून्यावर आला नाही. बोट प्रेसमध्ये सापडलं तर रक्त दिसतं, मशीन थांबतं, चौकशी होते. खांदा अडीच वर्षांत गेला तर त्याची तारीख कोणती लिहायची? आणि माणूसच ठेकेदाराचा असेल, अकरा महिन्यांनी ब्रेक मिळणारा असेल, तर दुखणं माणसाबरोबर गेटबाहेर जातं. कागद स्वच्छ राहतात. मी पाहिलेल्या लाईन्सवर परमनंट कामगार हळूहळू कमी होत गेले आणि दुखण्याच्या तक्रारीही कमी होत गेल्या. व्यवस्थापनाने याचा अर्थ सुधारणा असा लावला. मीही काही काळ लावला.

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो मी स्वतः मीटिंगमध्ये घेतलेला आहे : बायका घरीही कणीक मळतात, कपडे पिळतात, मधुमेहात, थायरॉइडमध्ये, गरोदरपणात कार्पल टनेल होतोच, मग कारखान्यालाच दोष का? वैद्यकीयदृष्ट्या यात तथ्य आहे. या सगळ्या कारणांनी हा आजार होतो. पण घरी कणीक मळताना बाई थांबते, पाणी घालते, कुणाशी बोलते, हात बदलते. तिच्या डोक्यावर अठ्ठेचाळीस सेकंदांचं घड्याळ नसतं. आणि ती घरी जाऊन पुन्हा हातानेच राबणार आहे हे आपल्याला माहीत असेल, तर कारखान्यात तिच्या हाताला आणखी जपायला हवं. ज्या कारणाने आपण जबाबदारी झटकतो, त्याच कारणाने ती खरं तर वाढते.

आता तासांचं. ३ सप्टेंबर २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतल्या रोजच्या कामाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांपर्यंत नेण्याला आणि तिमाही ओव्हरटाइम ११५ तासांवरून १४४ तासांपर्यंत वाढवायला मंजुरी दिली. आठवड्याचे ४८ तास कायम राहतील, ओव्हरटाइमला कामगाराची लेखी संमती लागेल, असंही सांगितलं गेलं. हिशेब करणाऱ्याला हे बरोबर वाटतं. सहा दिवस आठ तास काय किंवा चार दिवस बारा तास काय, बेरीज तीच. शरीराला ती तशी नाही. कंडरेची झीज आणि तिची भरपाई यांची शर्यत रोजच्या रोज चालते. आठ तासांनंतरच्या चार तासांत स्नायू दमलेला असतो, तोच जोर लावायला तो जास्त ताणला जातो, मनगट वाकडं पडतं, खांदा वर उचलला जातो. त्या चार तासांतले अंगठ्याचे चार हजार दाब सकाळच्या चार हजारांसारखे नसतात. आणि बाराव्या तासाला संमती द्यायची की नाही, हे ठेक्यावरच्या मुलीला खरोखर ठरवता येतं का, ते चाकणच्या कुठल्याही गेटबाहेर शिफ्ट सुटताना उभं राहून विचारून पाहावं.

हे सगळं अटळ आहे असं मला अजिबात वाटत नाही, आणि हा लेख लिहायचं खरं कारण तेच. ताईंच्या घरून परत आल्यावर मी नॉटिंगहॅममध्ये १९९३ साली तयार झालेली शरीरस्थिती तपासण्याची एक पद्धत शिकून घेतली. एक कागद असतो. दंड किती वर, मनगट किती वाकडं, मान किती, याला गुण द्यायचे. गुण जास्तीत जास्त सात. सात म्हणजे काम ताबडतोब बदला. स्टेशन अकराला सात मिळाले.

आम्ही बोर्ड पंधरा सेंटिमीटर खाली घेतला. आमच्याच वेल्डिंग शॉपमध्ये खालीवर होणारे पाय बनवून घेतले, म्हणजे उंच मुलगी आणि बुटकी मुलगी एकाच स्टेशनवर काम करू शकतील. टर्मिनल दाबायला तळहातात मावेल अशी नायलॉनची मूठ केली, म्हणजे जोर अंगठ्याच्या पेराऐवजी पूर्ण हातावर येईल. ओढून बघण्याचं काम शेवटच्या टेस्टिंग बोर्डावर नेलं. एका स्टेशनचा खर्च एका बऱ्या मोबाइलपेक्षा कमी आला. आणि रोटेशन. रोटेशन आमच्याकडे आधीपासून होतं, कागदावर. पण अकरावरून बारावर, बारावरून तेरावर, आणि तिन्हीकडे अंगठाच. ते रोटेशन नव्हे, तोच अंगठा तीन ठिकाणी नेणं होतं. दर दोन तासांनी टर्मिनलवरून टेपिंगवर, टेपिंगवरून नजरेच्या तपासणीवर, तिथून माल पोचवायला, असं केल्यावर मुली म्हणाल्या की आता रात्री झोप लागते. टार्गेट पहिले पंधरा दिवस हुकलं, नंतर हुकलं नाही. मी बदललेली ती एकच लाईन. बाकीच्या लाईन्स मला बदलता आल्या नाहीत, कारण कुठल्याही नियमाने त्या बदलण्याची सक्ती नव्हती आणि ‘त्या लाईनला कुणी तक्रार केली आहे का?’ या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तक्रार करणाऱ्या निघून गेल्या होत्या.

म्हणून सक्ती हवी. संहितेच्या परिशिष्टातल्या २९ च्या खाली तिसावी नोंद हवी : वारंवार हालचाल, जोर आणि अवघड शरीरस्थिती यांमुळे होणारे हात, मनगट, कोपर आणि खांद्याचे आजार. ती नोंद झाली की कारखान्याच्या डॉक्टरला खबर देणं भाग पडेल, विमा योजनेलाही ९० टक्क्यांचा विचार टाळणं अवघड जाईल आणि औद्योगिक सुरक्षा संचालनालयाच्या निरीक्षकाला बोर्डाची उंची बघावीशी वाटेल. विम्याच्या दवाखान्यातल्या केसपेपरवर रामाझिनीचा तो एक प्रश्न छापलेला हवा. ठेकेदार बदलला तरी दुखण्याची नोंद मूळ कारखान्याच्या नावावर राहायला हवी. आणि नव्या श्रम संहितांच्या व्यवस्थेत चाळिशी ओलांडलेल्या कामगारांची दरवर्षी मोफत आरोग्य तपासणी होणार आहे, त्याचं स्वागतच. पण लाईनवरच्या मुली एकोणीस-वीस वर्षांच्या असतात. माझ्या ताई स्टेशन अकरा सोडून गेल्या तेव्हा छत्तीस वर्षांच्या होत्या. या कामांत तपासणी चाळिशीला सुरू करून उपयोग नाही, ती पहिल्या सहा महिन्यांत व्हायला हवी, आणि तीत छाती, डोळे, कान यांच्याबरोबर हात वर करायला सांगितलं पाहिजे, अंगठा मुठीत घेऊन मनगट करंगळीच्या बाजूला वाकवायला सांगितलं पाहिजे. याला यंत्र लागत नाही. एक मिनिट लागतं.

कामगार संघटनांनाही सांगायचं आहे. वेतनकरारात आपण प्रॉडक्टिव्हिटीच्या टक्क्यांवर रात्र रात्र भांडतो. मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसून ते पाहिलेलं आहे. पण सायकल टाइम ठरवताना घड्याळवाल्याशेजारी कामगारांचा माणूस उभा राहील, अशी अट मला एकाही करारात दिसली नाही. ती पुढच्या करारात घाला, आणि ठेक्यावरच्या मुलींच्या लाईनसाठीही घाला.

स्टेशन अकराचा तो टाइम स्टडीचा कागद निवृत्त होताना मी फाइलमधून काढून घेतला. दहा सायकल, त्रेपन्न सेकंद, आणि शेवटच्या रकान्यातला शेरा. हे दुखणं कामानेच होतं याचा पुरावा काय, असं कामगार विभागातल्या कुणाला विचारायचं असेल, तर मी तो कागद घेऊन यायला तयार आहे. त्यावर सही माझी आहे.